बिल्डिंगवर स्टे आहे

मुंबईत ज्याला इंग्रजीचा गंध नाही तोसुद्धा स्टे हा शब्द बिनचूक वापरतो. स्टे आणतात, स्टे मिळतो, स्टे लागतो, कंटिन्यू होतो, आणि कधीतरी उठतो किंवा कुणीतरी खटपट करून उठवतं. पेपरात त्याला स्थगिती म्हणतात, सरकारी कागदात मनाई हुकूम, पण गल्लीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बँकेच्या रांगेत तो स्टेच. वकील लोक बारकावा सांगतात की एखादा आदेश किंवा चालू खटला थांबवला तर तो स्टे आणि एखाद्या माणसाला अमुक करू नकोस म्हणून बजावलं तर ते इंजंक्शन. बरोबरच आहे ते, पण ज्याचं घर त्यात अडकलंय त्याच्या तोंडी दोन्हीला एकच नाव आहे आणि इथे मीही तेच ठेवणार आहे.

मी फोर्टात वकिलांसाठी मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करते. सातबारा, जुन्या भाडेपावत्या, मृत्युपत्रं, पंचनामे, जबाब, काहीही हायकोर्टात लावायचं म्हटलं की सोबत इंग्रजी प्रत लागते. त्यामुळे ऑर्डरी रोज डोळ्यांखालून जातात आणि स्टे हे क्रियापद दिवसातून कितीदा तरी भेटतं. पण त्याच्याबद्दल एवढं लिहावंसं वाटण्याचं कारण ऑफिसातलं नाही. गिरगावात आमची एक बिल्डिंग आहे, म्हणजे होती, आणि तिच्यावर स्टे आहे.

आधी त्या क्रियापदाचं थोडं. इंग्रजीत स्टे म्हणजे थांबणं, मुक्काम करणं, टिकून राहणं. तेच दुसऱ्यावर चालवलं की रोखून धरणं, आवरणं, लांबणीवर टाकणं. मारायला उगारलेला कुणाचा हात धरला तर तो हात स्टे केला, चार घास खाऊन भुकेला जरा दम धरायला लावलं तर जुन्या इंग्रजीत ती भूक स्टे केली, आणि फाशी पुढे ढकलली तर तीही स्टेच. मूळ लॅटिन, उभं राहणे या अर्थाचा धातू, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, आणि तो आपल्या संस्कृत स्था धातूचा भाऊबंद. म्हणजे स्थान, स्थिती, स्थिर ही आपली सगळी मंडळी त्याच कुळातली. कोर्टातला स्टेटस को, ज्याला मराठीत फार नेमकं जैसे थे म्हणतात, तोही तिथलाच. जहाजाची डोलकाठी ताणून धरणाऱ्या दोरालाही स्टे म्हणतात, त्याचं मूळ वेगळं आहे, जर्मन-इंग्रजी घराण्यातलं, पण मुंबईकराला तो अर्थ रोज दिसतो: वांद्रे-वरळी सी लिंक २००९ साली सुरू झाला तेव्हा सगळीकडे केबल-स्टेड ब्रिज असं छापून यायचं, त्यातला स्टेड तो हा. तिथे स्टे कुणालाही अडवत नाही, तो तोलून धरतो म्हणून तर त्याच्यावरून गाड्या जातात. मला हा अर्थ फार आवडतो, आणि कोर्टाचा स्टेही मुळात असाच असायला हवा असं माझं मत आहे, त्याकडे येतेच.

आणखी एक अर्थ आहे तो आपल्याकडचा. व्हेअर डू यू स्टे? इंग्लंडात हे पाहुण्याला विचारतात, कुठल्या हॉटेलात उतरलात म्हणून. कायमच्या घरासाठी तिथे दुसरं क्रियापद आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र आपल्यासारखंच वापरतात. आपण मुंबईत, कॉलेजच्या पहिल्या दिवशी, इंटरव्ह्यूला, लोकलमध्ये ओळख झाली की हेच विचारतो, कारण आपल्या डोक्यात राहणं असतं आणि राहणं म्हणजे मुक्काम की कायमचं घर हा फरक मराठी करत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या माणसाला हा प्रश्न विचारलात तर तो क्षणभर थांबतो. रेशनकार्डावर गिरगाव, मतदार यादीत गिरगाव, गॅसच्या बुकावर डोंबिवली किंवा नालासोपारा किंवा बदलापूर, आणि आधारवर ज्याने त्याने जमेल तसं.

आता कोर्ट स्टे देतं कसा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, त्यात ऑर्डर ३९ आहे (इथे ऑर्डर म्हणजे संहितेतलं प्रकरण, कोर्टाचा हुकूम नव्हे), रूल १ आणि २ मध्ये तात्पुरत्या मनाईची तरतूद. त्यावर वर्षानुवर्षांच्या निकालांतून तीन कसोट्या पक्क्या झाल्यात आणि लॉच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही त्या झोपेत म्हणून दाखवेल. मागणाऱ्याची बाजू प्रथमदर्शनी तरी खरी वाटते का, स्टे दिला तर जास्त गैरसोय कुणाची आणि नाही दिला तर कुणाची, आणि आत्ता थांबवलं नाही तर होणारं नुकसान पुढे पैशाने भरून येण्यासारखं आहे का. तिन्ही बघायच्या. त्यात कोण बरोबर हे ठरत नाही, कोर्ट एवढंच म्हणतं की मी निकाल देईपर्यंत ज्याच्यावरून भांडण आहे ती गोष्ट शिल्लक तरी राहू दे. दूध उतू जायला लागलं की आपण गॅस बारीक करतो, दुधाचं काय करायचं ते नंतर ठरवतो, तसं ते आहे.

ही तिसरी कसोटी, भरून न येणाऱ्या नुकसानीची, ती सगळ्यात महत्त्वाची असं मला वाटतं आणि ती काय असते हे मुंबईने २०१९ च्या ऑक्टोबरात डोळ्यांनी पाहिलंय. आरेतल्या मेट्रो-३ च्या कारशेडसाठी झाडं तोडायला परवानगी मिळाली होती, त्याविरुद्धच्या याचिका हायकोर्टाने ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. लोक धावले, बॅरिकेड लागली, १४४ कलम लावलं, पोरांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पुन्हा हायकोर्टात गेले, स्टे मिळाला नाही. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानून सुप्रीम कोर्टाने सुट्टीत खास बेंच बसवलं आणि ७ ऑक्टोबरला, सोमवारी, जैसे थे ठेवायचा आदेश दिला. परवानगी होती २,१८५ झाडांची. मेट्रो कॉर्पोरेशननेच सांगितलं की २,१४१ तोडून झालीत. म्हणजे जैसे थे आला तेव्हा राहिली होती ४४.

कारशेड आरेत हवी होती की नको यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत, आणि आज त्याच आरेहून निघालेली मेट्रो पार कफ परेडपर्यंत जाते आणि माझी मैत्रीण त्यातून रोज बीकेसीला उतरते, तिचे सकाळचे हाल वाचलेत हेही खरं. पण माझा मुद्दा निराळा आहे. त्या शुक्रवारी रात्री निकाल चूक होता की बरोबर हे ठरवायला वरचं कोर्ट होतं, अपील करायचा हक्क होता, सगळं होतं, फक्त मधले दोन दिवस नव्हते. स्टे म्हणजे ते दोन दिवस. भिंत पाडली तर पुन्हा बांधता येते, पैसे गेले तर व्याजासकट वसूल करता येतात, झाड तोडलं की याचिकेत मागायला काही उरतच नाही. जिथे गोष्ट परत आणता येत नाही तिथे स्टेला उशीर म्हणजे स्टेला नकारच.

याच्या उलट बाजूला याच शहरातलं एक प्रकरण आहे ज्याचा मला अभिमान वाटतो. १९८१ चा जुलै, भर पावसात मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचं आणि आपापल्या गावाला पाठवून द्यायचं. काही जणांना बसमध्ये बसवून शहराबाहेर सोडूनही आले. त्याविरुद्ध फुटपाथवासी कोर्टात गेले, झोपड्यांत राहणारे गेले, पत्रकार ओल्गा टेलिस गेल्या, आणि हायकोर्टाने सुरुवातीलाच अंतरिम मनाई दिली. मग ते सुप्रीम कोर्टात गेलं. निकाल लागला १० जुलै १९८५ ला, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपले पुण्याचे. आज तो निकाल एका वाक्यासाठी शिकवतात, की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो. तेवढं वाचून लोकांना वाटतं फुटपाथवाले जिंकले. तसं नाही. महापालिकेला हटवायचा अधिकार आहे हे कोर्टाने मान्य केलं. पण त्याच निकालात असंही लिहिलं की चालू पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कुणाला हटवायचं नाही.

मला ती ऑक्टोबरची तारीख त्या प्रसिद्ध वाक्याइतकीच मोठी वाटते. हरलेल्या माणसाला, जुलैच्या पावसात, प्लॅस्टिकखाली बाळ निजवलेल्या बाईला कोर्टाने विचारात घेतलं. तिचा हक्क मान्य नाही केला पण तिला कोरड्या जमिनीवर पाऊल ठेवेपर्यंत वेळ दिला. आणि त्या वेळेला शेवट होता. कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल असा. चांगला स्टे मी त्याला म्हणते ज्यात कुणासाठी थांबतोय हे माहीत असतं आणि कधीपर्यंत थांबतोय हेही लिहिलेलं असतं.

आता आमचा.

आमची बिल्डिंग १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या भाषेत अ वर्गातली उपकरप्राप्त, दुरुस्तीचा उपकर लागणारी, इमारत. लाकडी जिना, लांब कॉमन गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास, पागडीच्या खोल्या, वडिलांच्या नावावरची भाडेपावती, भाडं इतकं कमी की मालकाने दुरुस्ती करावी अशी अपेक्षा कुणी करायचं नाही आणि त्याने केलीही नाही. लाकूड वाळवीने पोखरलं होतं, पावसाळ्यात टेकू लागायचे. म्हणून रिडेव्हलपमेंट आली तेव्हा आनंद झाला, खरंच झाला, गॅलरीत पेढे वाटले होते. एका बिल्डरबरोबर करार झाला, ज्याची खोली त्याला नव्या इमारतीत फ्लॅट, तोवर दरमहा भाडं. माणसं बाहेर पडली. बिल्डिंग पाडली. खड्डा खणला, पायलिंग झालं, प्लिंथच्या सळया वर आल्या.

मग मालकाच्या वारसांपैकी एकाने स्टे आणला. त्याचं म्हणणं असं की बिल्डरला हक्क विकताना आपल्याला विचारलंच नाही, आपला हिस्सा आहे. खरा असेल. मी कागद पाहिलेत आणि प्रथमदर्शनी त्याची बाजू अगदीच पोकळ नाही हे मलाही दिसतं. कोर्टाने त्या तीन कसोट्या लावल्या असणार: बांधकाम झालं आणि फ्लॅट विकले गेले तर त्याचं नुकसान भरून येणार नाही, तेव्हा थांबा. जैसे थे ठेवा.

पण जैसे थे कुणाचं? कागदावर दोन पक्ष, वारस आणि बिल्डर. प्लॉट रिकामा आहे, प्लॉट रिकामाच ठेवा, झालं जैसे थे. आम्ही भाडेकरू त्या दाव्यात पक्षकारच नव्हतो. आमचं जैसे थे म्हणजे काय असतं? आम्ही ज्या दिवशी थांबलो त्या दिवशी आम्ही आमच्या घरात नव्हतो, सामानाचे अर्धे खोके न उघडता अकरा महिन्यांच्या करारावर कुणाच्या तरी वन रूम किचनमध्ये होतो. बिल्डरने काम बंद म्हणून भाडं बंद केलं. घरमालक म्हणतो भाडं वाढवा नाहीतर खाली करा. शाळा बदलल्या. एकाला तर दोनदा. जागेवरच थांबायला सांगितलं असतं तर आम्ही थांबलो असतो, आमची तक्रार नव्हती, पण आम्हाला एक पाय घराबाहेर टाकलेल्या अवस्थेत थांबवलंय आणि त्या अवस्थेत माणूस थांबू शकत नाही, तो रोज थोडा थोडा खर्च होत राहतो.

प्लॉटवर मी मधूनमधून जाते. रस्त्याच्या बाजूने निळे पत्रे, त्यातला एक वाकलेला, तिथून आत दिसतं. खड्ड्यात बाराही महिने हिरवट पाणी. त्यातून सळया वर आलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या, टोकांना पिवळे प्लॅस्टिकचे डबे उलटे अडकवलेत, कुणाला लागू नये म्हणून कुठल्या तरी शहाण्या मुकादमाने अडकवले असतील, त्यातले बरेच उडून गेलेत. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पाण्यात गप्पी मासे सोडून जातात आणि पत्र्यावर नोटीस चिकटवून जातात. शेजारच्या बिल्डिंगमधले आम्हाला फोन करतात, तुमच्या खड्ड्यामुळे आमच्याकडे मलेरिया. आमचा खड्डा! आणि बोलणार काय, त्यांचंही खरं आहे. शेजारच्या भिंतीला आमच्या बाजूने ओल आलीये, जिथे आधी आमची भिंत टेकलेली होती तिथे आमच्या स्वयंपाकघराच्या टाइल्सची एक ओळ अजून चिकटून आहे, पांढरी, मध्ये निळी फुलं, पहिल्या माळ्याच्या उंचीवर, हवेत. तिथे आमची मोरी होती.

कोर्टाच्या तारखेला जमेल तसं कुणी ना कुणी जातं. हायकोर्टाची ती इमारत १८७८ ची, काळा दगड, उंच कमानी, गोल जिने, पहिल्यांदा येणारा माणूस वर बघतच राहतो. दुसऱ्यांदा येणारा फक्त डिस्प्ले बोर्डाकडे बघतो. कोर्टरूमचा नंबर आणि चालू मॅटरचा नंबर. आपला नंबर कॉजलिस्टवर, म्हणजे त्या दिवशीच्या मॅटरच्या यादीत, कितवा आणि दुपारपर्यंत गाडी किती पुढे सरकली यावर सगळा दिवस. गेल्या वेळी आमच्या माळ्यावरच्या काकू आल्या होत्या, सत्तरी पार केलेल्या, बदलापूरहून सकाळची लोकल पकडून, पिशवीत डबा, औषधांची पट्टी आणि सगळ्या जुन्या भाडेपावत्या रबरबँडमध्ये. पावत्या कुणी मागितल्या नव्हत्या. तरी त्या दर वेळी आणतात. दुपारी चारच्या सुमाराला वकील बाहेर आले.

"मावशी, आज आपलं मॅटर रीच होणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आपला नंबर यायच्या आत कोर्ट उठेल. पुढची तारीख घेतो."

"आणि स्टे?"

"तो कंटिन्यू आहे."

"त्याला रीच व्हावं लागत नाही का हो?"

वकील भले आहेत, त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण मला वाटतं काकूंनी विचारलं ते असं होतं की त्याला तिथे उत्तर नाही. सुनावणी व्हायला नंबर लागतो. सुनावणी नाही झाली तर स्टे आपोआप पुढे जातो. म्हणजे ज्याला थांबवायचंय त्याचं काम काही न होता होतं आणि ज्याला थांबायचं नाही त्याने दिवसभर उभं राहायचं.

कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. ऑर्डर ३९ मध्येच रूल ३-अ आहे: समोरच्याला नोटीस न देता मनाई दिली असेल तर अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा कोर्टाने प्रयत्न करावा, आणि नाही जमलं तर कारण लिहावं. कॅव्हेटची, म्हणजे मला ऐकल्याशिवाय ऑर्डर करू नका असं कोर्टाला आधीच कळवून ठेवण्याची, सोय १९७६ च्या दुरुस्तीने आली, कलम १४८-अ, आपल्या पाठीमागे कुणी स्टे आणेल अशी भीती असेल तर आधीच कॅव्हेट टाकून ठेवायचं, ते ९० दिवस चालतं, तेवढ्यात समोरचा आला तर आपल्याला ऐकल्याशिवाय ऑर्डर होऊ नये. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या कुठल्याही भाडेकरूला मी हे आवर्जून सांगते. बिल्डर कॅव्हेट टाकतो, मालक टाकतो, भाडेकरूंना कुणी सांगतच नाही की तुम्हीही टाकू शकता.

मग २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये फार धडाक्याचा नियम केला, एशियन रिसरफेसिंग नावाची केस: दिवाणी असो फौजदारी असो, चालू खटल्यावरचा स्टे सहा महिन्यांनी आपोआप संपेल, वाढवायचा असेल तर कोर्टाने कारण देऊन वाढवावा. आमच्या ऑफिसात त्या दिवशी एक ज्युनिअर टेबलावर हात आपटून म्हणाला, आता बघा. खूप लोकांना बरं वाटलं होतं. आमच्या ग्रुपवरही कुणीतरी बातमी टाकली आणि खाली हात जोडलेल्या स्माइलींची रांग लागली. आमच्यासारख्या मालमत्तेवरच्या मनाईला तो सरसकट लागू होणार नव्हताच, हे मी तेव्हाही ग्रुपवर लिहिलं होतं, पण आशेपुढे कोण वाचतंय.

तो नियम २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द केला. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती अभय ओकांनी, ठाण्याचे, आपल्याच हायकोर्टातून वर गेलेले. मी तो निकाल सलग वाचून काढला, आणि सांगते, मला तो पटला. कारण त्यात म्हटलंय की सुनावणी झाली नाही यात ज्याला स्टे मिळाला त्याचा दोष असेलच असं नाही, कोर्टालाच वेळ झाला नाही म्हणून त्याचं संरक्षण आपोआप काढून घेणं हा अन्याय आहे. कोर्टाच्या कृतीने कुणाचं नुकसान होऊ नये. आरेचं झाड किंवा फुटपाथवरची बाई डोळ्यासमोर आणली की हे लगेच पटतं: सहा महिने झाले, तुमचं मॅटर रीच झालं नाही, तेव्हा आता करवत चालू, असं म्हणता येईल का कुणाला?

म्हणून मी स्टेच्या विरुद्ध नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या काही लोकांना, विशेषतः तरुण पोरांना, स्टे हा शब्दच शिवीसारखा झालाय आणि त्यांचा राग मला कळतो, पण स्टे नसता तर या शहरात ज्याच्याकडे जेसीबी आहे त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कोर्टाच्या कृतीने कुणाचं नुकसान होऊ नये हे तत्त्व दोन्हीकडे लावा. ज्याला स्टे मिळाला त्याला लावता, तर ज्याच्या घरावर तो बसला त्यालाही लावा. सहा महिन्यांचा सरसकट नियम नको हे मान्य, मग त्या त्या ऑर्डरमध्ये त्या त्या माणसांचा विचार हवा. आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ऑर्डर ३९, रूल २ च्या दुसऱ्या पोटनियमात स्वच्छ लिहिलंय की मनाई देताना कोर्ट अटी घालू शकतं, मुदतीच्या, हिशेब ठेवण्याच्या, सिक्युरिटी देण्याच्या किंवा अन्य. सिक्युरिटी म्हणजे काय, की बाबा रे, तुझ्या सांगण्यावरून मी सगळं थांबवतोय, तर थांबल्यामुळे ज्यांचं नुकसान होईल त्यांच्यासाठी काहीतरी ठेव इथे. शंभर वर्षांहून जुनं आहे हे कलम. मी भाषांतर करताना शेकडो ऑर्डरी वाचल्यात, त्यात अशी अट दिसली की मला त्या न्यायाधीशांबद्दल आदर वाटतो, मग निकाल कुणाच्याही बाजूचा असो, कारण त्या माणसाने सही करायच्या आधी क्षणभर डोळे मिटून विचार केलेला असतो की या कागदामुळे आज संध्याकाळी नेमकं कोण कुठे अडकणार आहे.

आम्ही आता तेच मागतोय. भाडेकरूंनी एकत्र येऊन त्या दाव्यात पक्षकार करून घ्या असा अर्ज तयार केलाय, ऑर्डर १ रूल १० खाली. स्टे उठवा असं त्यात म्हटलेलं नाही, यावरून मीटिंगमध्ये बरीच भांडणं झाली, दोन जण उठून गेले, पण शेवटी बहुतेकांना पटलं की वारसाचा हिस्सा खरा निघाला आणि आपण वर राहायला गेलेलो असलो तर उद्या पुन्हा आपल्यालाच कोर्टात उभं राहावं लागेल. मागण्या तीन आहेत. भांडण संपेपर्यंत आमचं दरमहा भाडं बिल्डरने आणि वारसाने कोर्ट सांगेल त्या प्रमाणात कोर्टात जमा करावं आणि ते आम्हाला काढता यावं. सुनावणीला ठरलेली तारीख द्यावी, बोर्डावर वरती, कारण आमच्यातले निम्मे साठीच्या पुढचे आहेत. आणि खड्ड्यातलं पाणी काढून शेजारच्या भिंतीला आधार द्यायला परवानगी द्यावी, त्याला बांधकाम म्हणू नये.

सुट्टीनंतर अर्ज दाखल होईल. प्रतिज्ञापत्रावर प्रत्येक खोलीतून एकाची सही लागणार आहे. ज्यांच्या पावत्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत त्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं आणायची, विरार-बदलापूरवाल्यांना फोर्टात यायला जमत नसेल तर रविवारी दादरला सगळे भेटतोय, तिथे आणलं तरी चालेल. मूळ पावत्या आणा, झेरॉक्स नको. भाषांतर मी करून देते, त्याचे पैसे कुणाकडून घेणार नाही. काकूंचं पाकीट आधीच आलंय, रबरबँडसकट, त्यात १९५२ ची पावतीसुद्धा आहे, आणि वकिलांनी या वेळी ती मागितली आहे.